शुक्रवारचा तास

“छातीला उष्णता लागू द्यायची नाही. गरम पाण्याची पिशवी नाही, ऊन नाही, आणि सौना तर अजिबात नाही. कातडी पुरती बरी होईपर्यंत. लक्षात राहील ना?”

नर्स बोलत होती ओइवाशी, पण बघत होती माझ्याकडे. नवऱ्याला दिलेली सूचना बायकोच्या डोळ्यांत नेऊन ठेवायची अशी त्यांची रीतच असावी. मी मान हलवली. ओइवा शर्टाची बटणं लावत होता. एक बटण चुकलं, तसा सगळी काढून पुन्हा पहिल्यापासून लावायला लागला. टाके काढायच्या दिवशीची, जूनच्या अखेरीची ही गोष्ट. पुढे दोन महिने मी नर्सचा तो आवाज जपून ठेवला आणि मनात कोणी काही विचारलं की पुढे करत राहिले. मी काय केलं? नर्सने सांगितलं तेच केलं. सौना नाही म्हणाली, मी सौना बंद केला. मनातल्या मनात दिलेलं उत्तर किती दिवस पुरतं, तर कोणी मोठ्याने विचारेपर्यंत. ते विचारणं एक सप्टेंबरला, मंगळवारी दुपारी, आमच्या जिन्याखाली माझ्यासमोर येऊन उभं राहिलं.

आम्ही सातवं रेडिएशन आटोपून ट्रामने घरी येत होतो. ओइवाच्या हातात पिशवी, पिशवीत काकड्या, राय धान्याचा पाव आणि त्याच्यासाठी धुरी दिलेला मासा. जिन्याखाली काचेच्या पेटीत सोसायटीच्या सूचना लागतात. छपराची दुरुस्ती कधी, सायकली कुठे ठेवायच्या, तळघरातल्या सौनाचे तास कोणाचे. तासांचा कागद दर वर्षी एक सप्टेंबरला बदलतात आणि दर वर्षी नवा कागद जुन्यासारखाच असतो. शुक्रवार, सात ते आठ : रौतिओ, म्हणजे आम्ही. सव्वीस वर्षं. आमच्या इमारतीत तास मागून मिळत नाही, कोणाचा तरी सुटावा लागतो. एक तर घर विकून जा, नाही तर वर जा, असं सोसायटीचा अध्यक्ष कौको प्रत्येक नव्या बिऱ्हाडाला हसत हसत सांगतो. ओइवाने पिशवी खाली ठेवली, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. शुक्रवार, सात ते आठ : क्विस्ट.

“छापताना चूक झालीय,” तो म्हणाला. “कौकोला सांगायला हवं. अध्यक्ष झाल्यापासून त्याला स्वतःचं नाकसुद्धा नीट दिसत नाही.”

लिफ्ट आली. आमची लिफ्ट जुनी, दोन माणसं आणि एक पिशवी एवढीच तिची ऐपत; चौथ्या मजल्यापर्यंत यायला तिला इतका वेळ लागतो की तेवढ्यात माणूस एक लहानशी प्रार्थना पुरी करू शकतो. एरवी मी करतेही. त्या दिवशी मी फक्त ओइवाच्या हाताकडे बघत होते. तो हात शर्टाच्या डाव्या खिशावर सपाट ठेवलेला. चाळीस वर्षं त्या खिशात ट्राम डेपोचं ओळखपत्र असायचं. आता खिसा रिकामा आणि खिशामागची जागाही रिकामी. पोस्टाच्या पाकिटाची चिकटवलेली कड असते ना, तेवढी एक आडवी रेघ, बस्स. पण त्याचा हात असा होता, जणू तिथून आत्ता या क्षणी आणखी काहीतरी कोणी काढून नेलं.

तास म्हणजे काय, हे आमच्या लोकांत कोणाला सांगावं लागत नाही. आठवडाभर माणूस कपड्यांत असतो, आणि एक तास नसतो. तळघरातला लाकडी बाक, वरची पायरी त्याची, खालची माझी. तो दगडांवर पाणी ओततो, वाफ आधी छताला लागते आणि मग मायेने खाली उतरते, कानाच्या पाळ्यांपासून. बोलायचं नाही असा नियम नाही, पण सौनात देवळातल्यासारखं वागावं हे आम्हाला लहानपणीच शिकवतात, आणि आम्ही दोघं तसे कमीच बोलणारे. मी त्याची पाठ घासायची, त्याने माझी. मग वर येऊन त्याने भाजलेलं सॉसेज खायचं. शुक्रवारी माझा उपास. मांस, दूध, अंडं काही चालत नाही, म्हणून मी मीठ लावलेली काकडी. “तुझा देव तुला काकडीवर ठेवतो आणि मला सॉसेज देतो, सांग बघू लाडका कोण,” हा त्याचा विनोद पंचवीस वर्षांचा होता आणि मी पंचवीस वर्षं त्याला हसत आले. ओइवा देवाला मानत नाही असं नाही. पण त्याची श्रद्धा वेळापत्रकावर. माझी आई पूर्व सीमेवरच्या कारेलियाची, युद्धात घर सोडून निघाली तेव्हा भांडीकुंडी टाकून तिने देवमातेची तसबीर टॉवेलात गुंडाळून बरोबर आणली. ती आता आमच्या स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या कोपऱ्यात आहे. रोज पहाटे तिच्यासमोर दिवा लावून झाल्याशिवाय मी तोंडातून शब्द काढत नाही. ओइवा तोवर कॉफी करतो आणि मुकाट बसतो. माझं मौन तो पाळतो आणि त्याचं सॉसेज मी भाजते, आमचा धर्म हा असा दोघांत वाटलेला.

आणि त्याच तासात ते सापडलं. एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी. पाठ झाली, मग त्याने नेहमीसारखा हात वर केला, आणि साबणाचा माझा हात काखेखालून पुढे गेला तो थांबला. स्तनाग्राच्या जरा आत, कातडीखाली, घट्ट, न हलणारं काहीतरी.

“काय गं, झोपलीस का?”

“इथे काही आहे.”

“वाटाणा असेल. काल गुरुवार होता.”

गुरुवारी सगळ्या देशाच्या ताटात वाटाण्याचं सूप असतं, तसं आमच्याही होतं. मी हसले. हसताना माझं बोट तिथेच होतं, आणि त्या बोटाला हसू येत नव्हतं. पुरुषांना हा आजार होतो हे मला ठाऊक नव्हतं, त्यालाही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा ओइवा इतक्या सभ्यपणे म्हणाला, “तुमचा काही गैरसमज झालाय, मी ट्राम चालवायचो,” की त्या तरुण बाईने हातातली फाइल पुन्हा उघडून नाव तपासलं. शंभरांत एखादा पुरुष असतो, त्या म्हणाल्या. घरी येताना तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “आयुष्यात एक लॉटरी लागली नाही.” आणि मग थोड्या वेळाने, “इमारतीत कोणाला सांगू नकोस.” मी सांगितलं नाही. ऑपरेशन काय, कसलं, हे कोणी विचारलंही नाही. आमच्याकडे शेजाऱ्याला पोटातलं विचारणं म्हणजे त्याच्या दारातून चपलेसकट आत शिरण्यासारखं.

उपचारांचे ते महिने कसे गेले असं माझ्या बहिणीने फोनवर विचारलं तेव्हा माझ्या तोंडून ‘चांगले’ असं निघून गेलं आणि मला माझीच लाज वाटली. पण खोटं नव्हतं ते. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली; त्यांतली चाळीस ओइवा ट्रामच्या पुढच्या खोक्यात आणि मी, बसलेच तर, मागे. त्याच्या मानेची मला चेहऱ्याइतकी ओळख. आता ऑगस्टपासून रोज सकाळी तो माझ्या शेजारी बसायला लागला. पंधरा दिवस रेडिएशन, पंधरा वेळा जाऊन येऊन, खांद्याला खांदा. वळण आलं की त्याचा उजवा पाय आपोआप नसलेला ब्रेक दाबायचा. “उशिरा दाबला,” तो पुटपुटायचा. “पोरगी बरी चालवते, पण वळणावर घाई करते.” पुलावरून समुद्र दिसायचा, गलबतं, बाजाराच्या चौकातले नारिंगी तंबू. मी पिशवीतून सफरचंद काढायची, तो चाकूने कापायचा, अर्धं मला. किरणांनी त्याची छाती लाल होत चालली होती आणि मी सुखात होते. हे सुख कोणाकडे कबूल करावं कळत नव्हतं, म्हणून पहाटे तसबिरीपुढे तेवढं एक मी घाईघाईने बोलून टाकायची.

रुग्णालयातल्या त्या प्रतीक्षागृहात सगळ्या बायका, आणि ओइवा. पहिल्या दिवशी दार उघडून मुलीने “रौतिओ” असा पुकारा केला आणि माझ्याकडे बघून गोड हसली. “नाही हो, मी नुसती सोबत आलेय,” मी म्हणाले. ओइवा उठून उभा राहिला, शाळेत नाव घेतल्यावर उठतात तसा. अंगात रुग्णालयाचा पुढून उघडणारा झगा, त्यावर फिकी निळी फुलं. सगळ्या जणी मासिकांत डोकी खुपसून बसल्या. आमच्या लोकांची दया अशीच असते, बघायचं नाही. फक्त एकीने बघितलं. हिल्लेवी नावाची, सत्तरीची, डोक्यावर केसांऐवजी स्वतः विणलेली जांभळी टोपी, हातात सुया.

“फुलं शोभतात तुम्हाला,” ती म्हणाली. “माझ्या झग्यावर नुसते पट्टे. कैद्यासारखे.”

ओइवाने झग्याकडे पाहिलं. “अदलाबदल करायची का?”

“छे छे. इतकी ओळख कुठे झालीये आपली!”

मासिकांआडून दोघी-तिघी हसल्या आणि त्या दिवसापासून तो त्यांच्यातला झाला. जुलैपासून त्याच्या हार्मोनच्या गोळ्या सुरू होत्या. बसल्या बसल्या त्याच्या मानेवरून एकदम लाली चढायची, कपाळावर घाम. मला ती झळ ओळखीची. वीस वर्षांपूर्वी मी त्यातून गेले होते, आणि तेव्हा हा मला म्हणायचा की खिडकी लाव, थंडी वाजते. हिल्लेवी मासिक घडी करून त्याला वारा घालायची. “दीर्घ श्वास घ्या. पहिली पाच वर्षं जड जातात.” ओइवा डोळे मिटून म्हणायचा, “ताइमी, तेव्हा मी खिडकी लावायला सांगायचो.” “सांगायचास.” “माफ कर गं म्हातारे.” एकेचाळीस वर्षांत त्याने ज्या-ज्याबद्दल माफी मागावी असं मला वाटलं होतं त्यांत खिडकी नव्हती. पण मी तिच्यावर समाधान मानलं.

तरी त्याचा सगळा धीर त्या एका खोलीपुरता, हे मला दिसत होतं. खोलीबाहेर पडला की कोट कडक उन्हातही गळ्यापर्यंत बंद. इमारतीत कौको जिन्यात भेटला की हा चावी शोधायला लागायचा. आंघोळीला आतून कडी. मला त्याने रेघ दाखवली होती, एकदाच, पट्टी बदलताना. “बघ,” म्हणाला आणि स्वतः दुसरीकडे बघत राहिला. मी हात ठेवू का विचारलं तर म्हणाला, “शुक्रवारी. डॉक्टर हो म्हणाले की त्या शुक्रवारी.” त्याने त्याची सगळी लाज, सगळं उघडं होणं, त्या एका तासासाठी राखून ठेवलं होतं. तिथे दार बंद असतं, दिवा मंद असतो, आणि बघणारी मी एकटी. तो तास गेला तर उरतो तो शनिवारचा सार्वजनिक तास. पाच ते सहा बायका, सहा ते सात पुरुष, ज्याला यायचं त्याने यावं. म्हणजे कौको, तिसऱ्या मजल्यावरचा बोलका दातांचा डॉक्टर, कोण कोण, सगळे एका बाकावर. तिथे ओइवा जाणार नाही. आणि जन्मल्यापासून एक आठवडा न चुकलेला हा माणूस पुन्हा कधी वाफेत बसणारच नसेल, तर डॉक्टरांनी वाचवलं ते नक्की काय? हे सगळं मला दिसत असताना, जुलैत, मी सोसायटीला चिठ्ठी लिहून तो तास सोडला होता.

नर्सने सांगितलं म्हणून नव्हे. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तो रुग्णालयात होता आणि मी तसबिरीपुढे गुडघ्यांवर. खूप वेळ प्रार्थना होईना. मागायचं काय ते ठाऊक होतं, पण माझ्या हातात द्यायला काही नव्हतं. बुधवार-शुक्रवारचे उपास मी सात वर्षांची असल्यापासून धरते, पहाटेचं मौन धरते, तेच पुन्हा कसं द्यायचं? एकदा वाहिलेलं फूल उचलून परत वाहण्यासारखं ते. मग मी मनात घरभर हिंडले, माझं सगळ्यात आवडतं काय ते शोधत. मेणबत्त्या नाहीत, दागिने नाहीत, बहीणही नाही, देव क्षमा करो. आणि मला तो तास सापडला. याला ठेव, मी म्हणाले, आणि आमचा शुक्रवार घे. तोंडातून गेलं आणि मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच फरशीवर बसून रडले. मला वाटलं, देवाने हात पुढे केला. दोन आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, गाठ पसरलेली नाही. नवस फेडायला मला एक दिवसही उशीर करायचा नव्हता. चिठ्ठी टाकताना, हे ओइवाला उद्या सांगू, असं मी ठरवलं. मग परवा. नंतर वाटलं, तास शुक्रवारचा, तर शुक्रवारीच सांगू. असे आठ शुक्रवार मी काकडी खाल्ली.

मंगळवारी लिफ्टमधून उतरल्यावर तो कौकोला फोन करायला लागला तेव्हा मी म्हणाले, “थांब. दोन दिवस थांब.” तो थांबला. का, असं विचारलं नाही. बुधवारी मी पहाटे रायच्या पिठाची पातळ पारी लाटून, आत दुधात शिजवलेला भात भरून, कडा चिमटून आमच्याकडच्या करंज्या भाजल्या आणि दुपारी पाचव्या मजल्यावर क्विस्टांच्या दारात जाऊन उभी राहिले. तास परत मागायला. वाक्य तयार होतं: गैरसमजाने सुटला, तुम्हाला दुसरा मिळेपर्यंत महिन्यातून एकदा आपण वाटून घेऊ. दार उघडलं ऊनाने, एमिल क्विस्टच्या बायकोने. तिशीचीही नसेल. पोट इतकं पुढे आलेलं की दार आणि ती दोघं एकदम उघडल्यासारखं वाटलं.

“अय्या, ताइमी! या ना आत. करंज्या? माझ्यासाठी? एमिलला सांगणारच नाही आणल्यात म्हणून.”

ती भिंतीला धरून हळूच बसली. एका हाताने करंजी खात, दुसऱ्याने कंबर दाबत. “तुम्हाला भेटायला मीच येणार होते. रात्रंदिवस कंबर ठणकते हो. आईकडे सौना आहे, पण ती लांब, तिकडे उत्तरेला. एमिलने सांगितलं की कोणीतरी शुक्रवारचा तास सोडलाय, मला विश्वासच बसेना, शुक्रवार कोण सोडतं! मग कळलं तुम्ही. मी म्हटलं, पहिल्या शुक्रवारी वरच्या पायरीवर नाही, खालच्या पायरीवर बसून मी या बाईचं नाव घेणार.” तिने बोटावरचा भात चाटला. “कसं सुचलं तुम्हाला?”

माझं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. ते मी गिळलं. “शेवटच्या महिन्यात पाणी भरपूर पी,” एवढं म्हणून मी उठले. जिना उतरताना मला वाटत होतं, देवाने माझ्याकडून तास घेतला आणि पुढच्या दारात नेऊन कोणाला दिला तेही दाखवलं. आता कुठल्या तोंडाने मागू? आणि त्याच्या खाली दुसरं वाटणं होतं, ते दुखणाऱ्या दातासारखं जिभेला लागत होतं: तो तास माझा नव्हताच.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर मी सांगितलं. नवस, चिठ्ठी, ऊना, सगळं. ओइवा ऐकत राहिला. मग टेबलावरचे पावाचे चुरे बोटाने गोळा करायला लागला, एका रांगेत, रुळासारखे.

“कोणाला दिलास म्हणालीस? देवाला की त्या पोरीला?”

“देवाला. त्याने तिला दिला.”

“आणि मला विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.”

“नाही.”

घड्याळ, फ्रीज, खाली रस्त्यावरून गेलेली ट्राम. “काल मी तो कागद वाचला ना, मला काय वाटलं सांगू?” तो म्हणाला. “कौको म्हणतो ना, तास एक तर घर विकल्यावर सुटतो. आपण घर विकलेलं नाही.”

मी उठून त्याच्या खुर्चीमागे गेले आणि त्याच्या मानेवर हात ठेवला. ती मान मला पाठ होती, पण तेव्हा ती झळ येऊन कानांपर्यंत तापलेली. “अरे, तू राहावास म्हणून दिला रे,” मी म्हणाले. “तू जाणार म्हणून नाही.”

“ते कळलं आता.” त्याने चुऱ्यांची रांग तळहातावर लोटून घेतली. “खिडकी उघड जरा.”

शनिवारी मी आमच्या चर्चमधल्या फादर इल्यांकडे जाऊन हे कबूल केलं. ते तरुण आहेत, दाढी अजून दोन रंगांची. “नवस तुम्ही बोललात, तो तुम्ही पाळा,” ते म्हणाले. “पण ताइमी, दान करताना दुसऱ्याच्या अंगातला सदरा काढून द्यायचा नसतो.” मग त्यांनी मला रोजच्या प्रार्थनेत एका माणसाची क्षमा मागायला सांगितलं, देवाच्या आधी. मी रोज पहाटे, दिवा लावल्यावर पहिला शब्द बोलायचा तो ओइवाशी, असं धरलं. पहिल्या दिवशी “माफ कर” म्हणाले तेव्हा तो कॉफी गाळत होता. “बरं,” म्हणाला. दुसऱ्या दिवशीही “बरं.” पाचव्या दिवशी म्हणाला, “अगं, कॉफी थंड होते.” सहाव्या दिवशी कॉफी नेहमीपेक्षा जरा उशिरा केली होती. माझा दिवा होईपर्यंत.

पंधरावं रेडिएशन शुक्रवारी होतं. मशीनवरच्या मुलीने हात मिळवला, महिनाभर त्वचेला जपा, मग हवं ते करा म्हणाली. हिल्लेवीचाही तो शेवटचा दिवस. ती जांभळी टोपी काढून बसली होती. डोक्यावर पांढरी लव, नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लासारखी.

“आता काय करणार?” तिने ओइवाला विचारलं.

“काही नाही. कोट घालून फिरणार.”

“आणि सौना?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. “आमचा तास गेला,” तो म्हणाला. कोणाचं नाव घेतलं नाही. “शनिवारचा आहे. सगळ्या पुरुषांबरोबर.”

“मग?”

“मग काय. बाकावर पाच पुरुष, नऊ स्तनाग्रं असणार आणि मोजणारे आमचे लोक.”

हिल्लेवी इतकी हसली की तिला खोकला आला. डोळे पुसून मग तिने सुया पिशवीत टाकल्या आणि खुर्ची ओढून त्याच्या गुडघ्यासमोर आणली. “हे बघा. मी पंचावन्न वर्षं पोहायला जातेय, दर गुरुवारी, त्याच बायका, तेच शॉवर. आता एका बाजूने तवा झालाय माझा. घरी आरसा झाकून ठेवलाय मी, तुम्हाला म्हणून सांगते. पण ऑक्टोबरातल्या तिसऱ्या गुरुवारी मी जाणार. जाणार म्हणजे जाणार. फक्त मला एकटीला जायचं नाहीये. तुम्ही दोन दिवसांनी, शनिवारी जा. मी माझ्या बाकावर बसून समजेन की आता शनिवारी तो ट्रामवाला बसणार आहे. तुम्ही समजा की गुरुवारी ती म्हातारी बसून आली. शब्द द्या.”

ओइवा शब्द देणाऱ्यांतला नाही. लग्नात पाद्र्याने विचारलं तेव्हाही त्याने एवढा वेळ घेतला होता की माझ्या आईने मागून खोकून दाखवलं. प्रतीक्षागृहात कोणी पान उलटत नव्हतं. त्याने झग्याच्या बाहीला हात पुसला आणि पुढे केला. “ऑक्टोबर,” तो म्हणाला. “तिसरा शनिवार.” तिने तो हात दोन्ही हातांनी धरला.

नंतरच्या पाच आठवड्यांत त्याचा उल्लेख आमच्यात झाला नाही. लाल कातडी तपकिरी झाली, सालं निघाली, खालून नवी आली, बाळाच्या टाचेसारखी. चिनारांची पानं गळाली. ऊनाला मुलगी झाली, आणि क्विस्टांनी शुक्रवारी तिला टबात घेऊन खाली नेलं. आठ दिवसांच्या बाळाला खालच्या पायरीवर, मंद उबेत. मी जिन्यात उभी राहून ती टॉवेलातली गाठोडी खाली जाताना पाहिली. मनाला काही टोचलं का, ते मी नीट तपासून बघितलं. टोचलं, पण थोडंच.

तिसऱ्या शनिवारी बायकांच्या तासाला मी एकटी जाऊन आले. सहाला दहा कमी असताना ओले केस टॉवेलात गुंडाळून वर आले तर ओइवा आंघोळीच्या झग्यात, स्वयंपाकघरात उभा. आत बनियन नाही. टेबलावर टॉवेल, बसायचा छोटा पंचा, साबणाची डबी. साबणाची डबी तो तीनदा उघडून बंद करत होता.

“फोन आला होता,” तो म्हणाला. “परवा ती गेली होती. म्हणाली, शॉवरखाली दोन मिनिटं सगळ्या गप्प होत्या, मग एकीने विचारलं, पाणी फार गार आहे का गं आज?”

“मग?”

“मग काय, गार होतं म्हणाली.” त्याने डबी बगलेत धरली. “दगड कसे आहेत?”

“चांगले तापलेत. कौकोची बायको म्हणत होती, तोही येतोय.”

“यायचाच तो. फुकटची ऊब सोडतोय थोडाच.” त्याच्या मानेवर लाली चढत होती, झळ की काय, मला सांगता येईना, आणि मी विचारलं नाही. मी येऊ का खालपर्यंत, हेही माझ्या ओठांवर आलं होतं. मी टॉवेल घट्ट केला. त्याने माझ्या ओल्या कपाळाला दोन बोटं लावली, गरम आहे का बघतात तशी, आणि दार उघडून निघाला. लिफ्टचं बटण दाबलं नाही. मी दार लोटलं, पण लावलं नाही. त्याच्या सपाता एक-एक पायरी उतरत होत्या, खाली बेताने टेकत, पहिल्या दिवशी नवी गाडी हातात आलेल्या चालकासारख्या. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर दुसरं दार उघडलं आणि कौकोचा आवाज आला.

“अरे, ओइवा! मेलास की काय वाटलं आम्हाला. आज स्वारी शनिवारी कशी?”

सपाता थांबल्या.

“शब्द दिलाय एका बाईला,” ओइवा म्हणाला.

“बायकोला माहितेय?”

“तिच्यासमोरच दिला.”

कौकोचं हसू जिनाभर घुमलं, आणि मग खाली जाणारे पाय चार झाले.